चित्र यंत्राचं, निर्णय कुणाचा?

नमस्कार, श्रोतेहो. संगणकाला चार शब्द सांगितले की तो चित्र काढून देतो. त्याला कला म्हणायचं का, हा वाद आता चित्रकारांपासून फ्लेक्स छापणाऱ्यांपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. माझं मत आधीच सांगते. यंत्र वापरलं म्हणून कुणी कलेतून बाद होत नाही. चित्रातले निर्णय कुणी घेतले, ते पाहायचं.

नाशिककरांना याचं उदाहरण घरातलंच आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१२ साली त्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि पहिला चित्रपट करण्याआधी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचं महिनाभर थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर रोप बघता बघता वाढलं. अशा चित्रणात काय काय सांभाळावं लागतं? कॅमेरा आणि कुंडी जागची हलता कामा नये. बोटभर सरकली तरी पडद्यावर रोप उडी मारतं. रोजचा उजेड सारखा लागतो, नाहीतर चित्र लुकलुकतं. वेलीला चढायला वर किती जागा सोडायची, हे अंकुर फुटण्याआधीच ठरवावं लागतं, कारण मध्येच कॅमेरा उचलता येत नाही. प्रतिमा उमटवली ती भिंगानं आणि रसायनानं, पण हे सगळं ठरवलं फाळक्यांनी. म्हणून ते काम त्यांचं.

आजची चित्र काढणारी बरीचशी मॉडेलं, म्हणजे एआयचे प्रोग्रॅम, कोट्यवधी चित्रं आणि त्यांच्या वर्णनांवरून शिकलेली असतात. आपण शब्द दिले की मॉडेल ठिपक्यांच्या निव्वळ गोंधळापासून सुरुवात करतं आणि साधारण २० ते ५० टप्प्यांत तो गोंधळ निवळत नेऊन शब्दांशी जुळणारी प्रतिमा तयार करतं. सुरुवातीचा गोंधळ एका आकड्यावरून ठरतो; त्याला सीड म्हणतात. शब्द, सीड आणि बाकीची सेटिंग तीच ठेवली तर जवळपास तेच चित्र पुन्हा येतं. नुसता सीड बदलला की मांडणीच बदलते. म्हणजे बटण दाबणाऱ्यानं विषय तेवढा निवडला. उजेड कुठून, रेषा कशी, मोकळी जागा किती, यातलं फारसं काही त्यानं ठरवलेलं नसतं. असं चित्र कितीही देखणं असलं तरी मी त्याला त्या माणसाची कलाकृती म्हणणार नाही.

‘पुरातली गोदावरी, दुतोंड्या मारुती, कमरेपर्यंत पाणी’ एवढंच लिहून पाहा. घाट बनारसचे येण्याची शक्यता जास्त, कारण नदीकाठच्या घाटांचे फोटो म्हणून तिथलेच भरमसाट सापडतात, रामकुंडाचे त्या मानानं थोडे. नाशकात गोदावरीच्या पुराचं पाणी आपण दुतोंड्या मारुतीच्या या मूर्तीवरून मोजतो. पाणी कमरेला आलं की छातीपर्यंत चढलं, यातला फरक सराफ बाजारातल्या दुकानदाराला बरोबर कळतो. मॉडेलला कंबर म्हणजे नुसती एक उंची. पाण्याचा गढूळ, मातकट रंगसुद्धा सांगावा लागतो.

जाणकार इथूनच कामाला लागतो. जागेवर जाऊन केलेलं रेखाटन किंवा स्वतः काढलेला फोटो तो मॉडेलला पाया म्हणून देतो. मूळ किती बदलायचं, हे शून्य ते एक या मापानं ठरतं. ०.३ च्या आसपास आपली मांडणी टिकते आणि पोत, रंग बदलतात, ०.८ ला रेखाटन जवळजवळ वाहून जातं. मग बिघडलेला भाग तेवढा मास्क करून, म्हणजे निवडून वेगळा करून, पुन्हा काढायचा: सहा बोटांचा हात, कासोटा गायब झालेली नऊवारी. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं स्वतःच टाकावीत. पुष्कळ मॉडेलं देवनागरी वाचत नाहीत, आकार म्हणून गिरवतात, आणि जोडाक्षरं मोडतात.

छपाईत पुन्हा फसगत होते. १०२४ पिक्सेल, म्हणजे ठिपके, रुंदीचं चित्र ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, साडेतीन इंचही भरत नाही. १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. सॉफ्टवेअरनं मोठं करताना मधला तपशील ते मनानं भरतं, आणि घाटाचा खडबडीत काळा दगड मेणासारखा गुळगुळीत होतो. पडद्यावरचा झळझळीत केशरी चार रंगांच्या छपाईत मळकट उतरतो. म्हणून आधी छोटा प्रूफ, म्हणजे नमुना छाप, काढून बघावा.

चित्र कुणाचं, हे ओळखायला एक साधी विनंती पुरते: मूर्ती आणि उजेड तसाच ठेवून पाणी वीतभर खाली आणून दाखवा. ज्याला हे जमतं, आणि पाणी आधी तिथंच का ठेवलं हेही सांगता येतं, त्याला मी कलावंत मानते. कायद्याकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकानं तयार झालेल्या कलात्मक कृतीचा कर्ता म्हणजे ती तयार करवून घेणारी व्यक्ती. आणि छायाचित्र तर कलागुण असो वा नसो, कलात्मक कृतीतच मोडतं. कायदा हक्क ठरवतो, कस पाहत नाही.

एक आग्रह मात्र धरायला हवा. हयात चित्रकाराचं नाव टाइप करून त्याची शैली उचलू नये. त्या शैलीमागे त्याचं आयुष्य गेलेलं असतं, पोटही तिच्यावरच चालतं. आणि प्रदर्शनात आपण जलरंग, तैलरंग असं माध्यम लिहितोच. तसंच इथंही स्पष्ट लिहावं: जागेवरचं पेन्सिल रेखाटन, एआय मॉडेल, हातानं दुरुस्ती, कागदावर इंकजेट छपाई.