बांगडो निजलो?

नमस्कार मंडळी. गेल्या डिसेंबरात तीन आठवडे मालवणला माहेरी होते. लहान मुलांशी आईबाप चारचौघांत कसे बोलतात, ते कान देऊन ऐकायची मला अलीकडे सवयच लागली आहे.

एका सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. रापण न पाहिलेल्या मुलांसाठी सांगते: होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर काठावरून माणसं ओढतात. ओढणाऱ्यांना मासळीत वाटा. जाळं वर आलं, बायका मासळी निवडायला बसल्या. त्यांतल्या एकीचा तीनेक वर्षांचा मुलगा हातात बांगडा धरून उभा होता.

"आये, बांगडो निजलो?"

"नाय रे, मेलो तो." तिचे हात चालूच.

"मगे डोळे उघडे कित्याक?"

आता हात थांबले. तिने बांगड्याच्या डोळ्यावरून बोट फिरवलं. "हय बघ, तेका मिटणारी पापणीच नाय. जिवंत आसताना पण उघड्या डोळ्यांनीच निजता."

पोराने स्वतःचे डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. ऐन घाईत तिने त्याला दिलेलं ते अर्धं मिनिट माझ्या मनातून जात नाही.

गावाकडे सगळं छान, असं मला म्हणायचं नाही. मोबाइल समोर धरून घास भरवणारे तिथल्या खानावळीतही दिसले. कुडाळच्या स्टँडवर रिव्हर्स येणाऱ्या एसटीमागे धावलेल्या पोराला आईने खेचून धपाटा घातला. मारणं मला कधीच पटणार नाही. पण मी तिथेच थांबले, म्हणून पुढचंही दिसलं: ती उकिडवी बसली, त्याचं नाक पुसलं आणि ड्रायव्हरला मागचं पोर दिसत नाही, हे हातवारे करून समजावलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बाळाशी खेळता खेळता आईने थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळं आधी हसून, हात पुढे करून तिला परत बोलवू पाहत. जमलं नाही की तोंड फिरवत. हे वाचलं आणि मला आपलीच गणपतीची पंगत आठवली. मांडीवर बाळ, आणि आपली मान फोनमध्ये.

यंदा पंगतीला बसताना फोन दाराजवळच्या टोपलीत ठेवूया. टोपली मी आणते. आणि मोदकाला कळ्या कशाला, असं कुणाच्या पोराने विचारलं, तर वाढणं थांबलं तरी चालेल.