दोनशे चाळीस झेड : एका गॅरेजातला शनिवार

(दृश्य : पहाट. गॅरेजचे दार वर सरकते.)

लॉस अँजेलिसच्या दक्षिणेला असलेल्या टॉरन्समधल्या या गॅरेजाचे दार अर्ध्यावर अडकते आणि खांदा लावून वर ढकलावे लागते. गेली कित्येक वर्षे हे असेच चालले आहे, कारण या घरातली जी दुरुस्ती गाडीची नसते ती पुढच्या आठवड्यावर जाते. दार उघडल्यावर प्रथम दिसते ते लांबलचक नारिंगी बॉनेट, आणि बऱ्याच अंतराने, जवळजवळ मागच्या चाकांना टेकून बसलेली दोन माणसांपुरती केबिन. ही १९७२ सालची डॅटसन २४०झेड आहे; डॅटसन हे निस्सान कंपनीच्या गाड्यांचे तेव्हाचे नाव. तिचा मूळ रंग क्रमांक ९१८ चा नारिंगी होता आणि आजही तोच आहे, असे मालक सांगतात. डावा दरवाजा मात्र उन्हात किंचित वेगळा दिसतो, हेही तेच सांगतात.

मालकांना इथल्या झेड गाड्यांच्या क्लबातले सगळे, अमेरिकन सदस्यसुद्धा, ‘काका’ म्हणतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या लेथवर हात बसलेला हा माणूस नोकरीच्या निमित्ताने कॅलिफोर्नियात आला, आणि १९९४ साली शेजारच्या गल्लीत ताडपत्रीखाली पडलेली ही गाडी त्यांनी १८०० डॉलरना घेतली. त्या दिवशी ती सुरू होत नव्हती. ब्रेक लागत नव्हते, आणि मागच्या आसनाच्या जागी मांजरीने घर केले होते, असे काका सांगतात. खरे तर या गाडीला मागचे आसन नसतेच, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

(दृश्य : बॉनेट उघडते. सहा सिलिंडरचे इंजिन, दोन कार्बोरेटर.)

बॉनेटखाली जे दिसते आहे ते २३९३ घन सेंटिमीटरचे, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले इंजिन आहे. नावातला २४० हा आकडा त्याच्या २.४ लिटर क्षमतेवरून आला. जपानमध्ये ऑक्टोबर १९६९ मध्ये ही गाडी ‘फेअरलेडी झेड’ या नावाने जाहीर झाली आणि तिथल्या करपद्धतीमुळे आधी २ लिटरच्या इंजिनावर विकली गेली. अमेरिकेसाठी मात्र मोठे इंजिन हवे, आणि नावही दुसरे हवे, असा आग्रह निस्सानच्या अमेरिकेतील कंपनीचे प्रमुख युताका काटायामा यांनी धरला. पहिल्या गाड्या उतरल्या तेव्हा ‘फेअरलेडी’ची पट्टी त्यांनी काढायला लावली आणि तिथे २४०झेड बसवले, ही कथा प्रत्येक क्लबात प्रत्येक नव्या सदस्याला किमान दोनदा ऐकावी लागते. कंपनीचे तेव्हाचे मुख्यालय गार्डिनात होते, म्हणजे या गॅरेजापासून गाडीने काही मिनिटांवर; त्यामुळे इथले सदस्य ही कथा जरा जास्तच हक्काने सांगतात.

त्या गाडीची किंमत ३५२६ डॉलर होती. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, पुढे डिस्क ब्रेक, डोळ्यांत भरणारी अंगकाठी, आणि युरोपातल्या नामांकित स्पोर्ट्स गाड्यांपेक्षा कितीतरी कमी पैसे, असे गणित लोकांनी तोवर पाहिलेले नव्हते. पहिली पिढी २६०झेड आणि २८०झेड या नावांनी १९७८ पर्यंत चालली आणि तिच्या ५ लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. ही शिक्षकाने, परिचारिकेने, नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणाने हप्त्यावर घेतलेली गाडी होती, आणि ती चालवण्यासाठीच घेतलेली होती. हे वाक्य या चित्रफितीत मुद्दाम ठेवले आहे.

(दृश्य : स्क्रूड्रायव्हरची मूठ पत्र्यावर टकटक करते. आवाज बदलतो.)

या गाडीचा खरा शत्रू गंज. इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात बॅटरी बसते, तिचे आम्ल झिरपते, आणि खालचा पत्रा आतून खात जाते. वरून रंग तसाच तुळतुळीत दिसत राहतो. म्हणून काका आधी डोळ्यांनी पाहत नाहीत, कानांनी पाहतात. मुठीने ठोकत जायचे. जिथे ‘टण्’ आवाज येतो तिथे पत्रा आहे, आणि जिथे ‘थप्’ येतो तिथे कुणीतरी, कधीतरी, लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला आहे. बॅटरीखालचा भाग, पायाखालची फरशी, मागच्या चाकाच्या पुढचा कोपरा, डिकीतली जास्तीच्या चाकाची खोबण, या क्रमाने ते फिरतात. गाडी विकत घेऊ पाहणारा नवा सदस्य काकांना सोबत नेतो आणि विकणारा मालक काकांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पाहून किंमत उतरवतो, असे क्लबात गमतीने म्हणतात.

याच गाडीला एकदा बाहेरच्या रंगकाम करणाऱ्याकडे दिले होते. तीन महिन्यांचे काम दोन वर्षे चालले, आणि परत आली तेव्हा गंजलेल्या भागावर पत्रा न बदलता नुसते फायबर चिकटवलेले निघाले. काकांनी ते सगळे उचकटून काढले आणि वेल्डिंग स्वतः शिकून घेतले. त्या कामाचे चित्रीकरण आपल्याकडे नाही. आहे तो हा एकच फोटो, ज्यात फरशीच्या जागी सिमेंटची जमीन दिसते आहे.

(दृश्य : गल्लीत चार-पाच झेड गाड्या. माणसे, कॉफीचे कप, अवजारांची पेटी.)

महिन्याच्या एका शनिवारी क्लबाचे सदस्य कुणा एकाच्या गॅरेजात जमतात. वार्षिक वर्गणी आहे, छापील पत्रिका आहे, निवडून आलेला खजिनदार आहे. क्लब जिवंत राहतो तो मात्र या शनिवारांमुळे. इंजिन उचलण्याची घोडी क्लबाच्या मालकीची आहे आणि ती कुणाच्या घरी आहे याची नोंद एका वहीत असते; वहीत शेवटची नोंद नेहमी चुकीची असते आणि घोडी नेहमी सापडते. ज्याला वायरिंग येते तो वायरिंग बघतो, ज्याला गिअरबॉक्स येतो तो आडवा होऊन गाडीखाली सरकतो. टॅपेट, म्हणजे झडपांची फट, बसवायचे असतील तर १७ चा आणि १४ चा पाना लागतो. इंजिन गरम असताना आत घेणाऱ्या झडपेला ०.२५ आणि बाहेर सोडणाऱ्या झडपेला ०.३० मिलिमीटरची फट ठेवायची असते. हे आकडे कारखान्याच्या पुस्तिकेत आहेत, पण फीलर गेजची पाती फटीतून ओढताना किती ‘जड’ लागली पाहिजे, हे पुस्तिकेत नाही. ते दुसऱ्याने आपला हात धरून दाखवावे लागते.

आजचे काम कार्बोरेटरचे आहे, आणि ते सविस्तर पाहण्यासारखे आहे.

(दृश्य : एअर फिल्टरचे खोके निघते. रबराची नळी काकांच्या कानाला.)

दोन कार्बोरेटर आहेत. पुढचा पहिल्या तीन सिलिंडरांना हवा आणि पेट्रोल पुरवतो, मागचा उरलेल्या तिघांना. दोघांनी सारखी हवा ओढली नाही तर इंजिन चालते, पण लंगडते. बाजारात यासाठी काट्याचे मापयंत्र मिळते आणि क्लबाकडे ते आहेही, तरी काका हातभर रबरी नळी वापरतात. नळीचे एक टोक कानात, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी. आत शिरणाऱ्या हवेचा फुत्कार ऐकायचा, मग नळी मागच्या कार्बोरेटरकडे न्यायची, पुन्हा ऐकायचे, आणि फरक वाटला तर स्क्रू अगदी कणभर फिरवायचा. मग पुन्हा पुढे, पुन्हा मागे. उद्यमनगरात लेथचे बेअरिंग जाते आहे हे वडील असेच, लाकडी दांडका कानाला लावून ओळखत, हे काका या वेळी सांगत होते, पण इंजिनाच्या आवाजात ध्वनिमुद्रणात ते नीट आले नाही.

हवा जुळली की मिश्रण. कार्बोरेटरच्या पोटाखाली एक बोटाने फिरणारी चकती असते. ती पूर्ण वर नेऊन अडीच फेरे खाली आणली की सुरुवातीची जागा मिळते. त्यानंतर आतला पिस्टन एका बारीक दांडीने किंचित उचलायचा. इंजिनाचा वेग क्षणभर वाढून पुन्हा बसला तर मिश्रण बरोबर. वाढतच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन मरायला लागले तर पेट्रोल कमी. वरच्या घुमटातले तेल तपासायला विसरू नये, कारण ते आटले तर पायाखाली ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते आणि माणूस उगाच मिश्रणाशी झगडत बसतो. १९७३ च्या मॉडेलला प्रदूषणाच्या नियमांसाठी सपाट डोक्याचे वेगळे कार्बोरेटर बसवले गेले. ते इतके नावडते ठरले की असंख्य मालकांनी ते काढून जुने गोल घुमटाचे बसवले, आणि म्हणूनच असे जुने जोड आज कुणी फेकून देत नाही.

आता नळी ज्या मुलीच्या हातात दिसते आहे ती क्लबातली सर्वांत तरुण सदस्य, वय २२. तिची २८०झेड आहे, म्हणजे कार्बोरेटर नव्हे, फ्युएल इंजेक्शन. तरीही ती अशा प्रत्येक शनिवारी येते. तिने स्क्रू उलट्या दिशेने फिरवला. इंजिन बंद पडले. काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त चावी पुन्हा फिरवली आणि नळी पुन्हा तिच्याच हातात दिली. हा प्रसंग चित्रफितीत न कापता पूर्ण ठेवला आहे.

(दृश्य : फळीवर छोटी लाल प्रतिकृती, काळे बॉनेट, क्रमांक ११.)

फळीवरची ही प्रतिकृती १९७१ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली जिंकणाऱ्या गाडीची आहे. एडगर हेरमान आणि हान्स श्युलर यांनी ती चिखलातून आणि धुळीतून नेऊन जिंकली. दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, युगांडात जन्मलेले भारतीय वंशाचे शेखर मेहता यांनी २४०झेडवरच ही रॅली जिंकली. गुण दुसऱ्या एका डॅटसनशी बरोबरीत सुटले होते आणि निर्णय बरोबरी फोडण्याच्या नियमाने लागला. काकांच्या तोंडी मेहतांचे नाव हेरमान यांच्यापेक्षा दुप्पट वेळा येते, आणि त्यात आश्चर्य नाही. अमेरिकेतल्या शर्यतींत एल सेगुंडोच्या ब्रॉक रेसिंगची ४६ क्रमांकाची गाडी १९७० आणि १९७१ अशी सलग दोन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद घेऊन गेली. चालक होते जॉन मॉर्टन.

१९७१ ची ती सफारीची गाडी पुढे जपानमध्ये जीर्ण होऊन पडली होती. २०१३ मध्ये निस्सानच्या कर्मचाऱ्यांच्या पुनर्बांधणी क्लबाने ती पुन्हा धावती केली. कंपनीतलीच माणसे एकत्र येऊन एक जुनी गाडी उघडतात, ही गोष्ट टॉरन्सच्या या गल्लीला अगदी जवळची वाटते. जपानमधल्या शौकिनांचे काम इथल्यापेक्षा अवघड आहे: दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ ही कडक तपासणी करावी लागते, आणि पेट्रोल गाडी १३ वर्षांपुढे गेली की वाहनकर सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. तरीही योकोहामातल्या दाइकोकू वाहनतळावर झेड गाड्या दिसतात.

(दृश्य : कपाटे, खोकी, खडूने लिहिलेली नावे.)

ही कपाटे काकांची नाहीत. क्लबाचे एक जुने सदस्य गेले, तेव्हा त्यांच्या पत्नीने क्लबाला फोन केला, आणि आठ जणांनी दोन दिवस बसून गॅरेजातल्या प्रत्येक वस्तूची यादी केली: काचेच्या रबरी पट्ट्या, न वापरलेले टेललाइट, चार पाण्याचे पंप, आणि एक डॅशबोर्ड, ज्याला तडा गेलेला नव्हता. कॅलिफोर्नियाच्या उन्हात या गाड्यांच्या डॅशबोर्डला तडे जातात, त्यामुळे तो डॅशबोर्ड पाहताना सगळे काही वेळ गप्प उभे होते. भाग सदस्यांना मूळ खरेदीच्या दरात दिले गेले आणि सगळे पैसे त्या घरी पोचवले. बाहेरच्या एका व्यापाऱ्याने सगळे एकरकमी घेण्याची तयारी दाखवली होती, त्याला नकार दिला.

कारण भाव आता बदलले आहेत. जानेवारी २०२० मध्ये एका ऑनलाइन लिलावात १९७१ ची, अगदी कमी चाललेली २४०झेड ३ लाख १० हजार डॉलरला गेली. तेव्हापासून गाड्या गॅरेजातून गोदामात जाऊ लागल्या आहेत, जिथे टायरवर काळे पॉलिश असते आणि टाकीत पेट्रोल नसते. जी झेड रस्त्यावर येत नाही तिचे कार्बोरेटर कुणी ऐकत नाही, आणि त्या नळीचा उपयोग कुणाला शिकवावा लागत नाही. या निवेदकाचे मत काय आहे, हे एव्हाना लपलेले नसावे.

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलच्या गाड्यांना धूरतपासणीतून सूट आहे, ही गाडी आजच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त धूर सोडते, क्लबातले बहुतेक सदस्य साठीपुढचे आहेत, आणि काकूंनी मुलाखत द्यायला नकार दिला.

(दृश्य : रविवार सकाळ. डोंगरातला वळणांचा रस्ता. सहा गाड्या एका ओळीत.)

रविवारी सकाळी सहा गाड्या ला कन्याडाहून अँजेलिस क्रेस्ट रस्त्याने सॅन गॅब्रिएल डोंगरात चढतात. सगळ्यांत पुढे काका आहेत, मागून तिसरी ती २८०झेड आहे. समोरून एक अनोळखी पांढरी झेड उतरत येते आणि दोन्ही बाजूंनी दिवे लुकलुकतात. सत्तरच्या दशकात झेडवाले एकमेकांना असेच ओळख देत, आणि इथे ती रीत अजून पाळली जाते. कॅमेरा काकांच्या शेजारच्या आसनावर आहे. तिसऱ्या गिअरमध्ये, पायाखाली जोर देताच, सहाही सिलिंडर एका सुरात चढतात. कालचे काम नीट झाले आहे.

केबिनमध्ये पेट्रोलच्या धुराचा वास येतो आहे. मागच्या दाराच्या कडेची रबरी पट्टी जुनी झाली की एक्झॉस्टचा धूर गाडीत ओढला जातो, हा या मॉडेलचा जुना दोष आहे. काका काच खाली करतात आणि कॅमेऱ्याकडे न पाहता म्हणतात की कपाटातल्या त्या पट्ट्यांपैकी एक त्यांनी बाजूला काढून ठेवली आहे, पुढच्या शनिवारी ती बसवायची आहे, आणि दोन माणसे लागतील.