दोन सेलवर चालणाऱ्या सेन्सरला सुरक्षा परवडते का?

नमस्कार मंडळी. आजचा विषय तांत्रिक आहे, पण आपल्याच बागेतला आहे.

जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगीकडे मोसंबीचा आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीचा फुलोरा) धरायचा म्हणजे डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, हे तुम्हाला सांगायला नको. आता समजा, ठिबकचा वॉल्व्ह वायरलेस आहे. कुणीतरी ऑक्टोबरात "वॉल्व्ह उघड" हा मेसेज हवेतून रेकॉर्ड करून ठेवला आणि ऐन ताणात जसाच्या तसा परत सोडला. त्याला पासवर्ड माहीत नाही, एन्क्रिप्शनही (मेसेजची गुप्त भाषा) फोडलेलं नाही. तरी पाणी सुटलं, झाडानं फुलाऐवजी पालवी फोडली आणि बहार हातचा गेला.

म्हणून मी सारखं सांगतो, शेतातल्या सेन्सरला गुप्ततेपेक्षा खातरी जास्त महत्त्वाची. मेसेज आपल्याच नोडचा (शेतात बसवलेल्या बोर्डचा) आहे का, आणि ताजा आहे का? मातीत ओल किती, हे शेजाऱ्याला कळलं तर काही बिघडत नाही.

[बोर्ड कॅमेऱ्याजवळ धरून]

ही चिप बघा, एटीमेगा ३२८पी. रॅम २ केबी, फ्लॅश ३२ केबी. शेजारी लोराचा, म्हणजे कमी विजेत लांब पल्ला गाठणारा, रेडिओ, मागं दोन सेल. बहुतेकांना वाटतं, एन्क्रिप्शननं बॅटरी संपते. तसं नाही. १६ मेगाहर्ट्झवर एईएस-१२८ या प्रचलित एन्क्रिप्शन पद्धतीचा १६ बाइट्सचा एक ब्लॉक ही चिप एका मिलिसेकंदाच्या आत उरकते. खरी बॅटरी खातो रेडिओ. लोराच्या सगळ्यात लांब पल्ल्याच्या सेटिंगला, म्हणजे एसएफ १२ ला, एक बाइट पाठवायला साधारण ३० मिलिसेकंद लागतात! तेव्हा गणिताचा वेळ मोजत बसू नका, हवेत जाणारे बाइट मोजा.

ओलीचं रीडिंग दोन बाइटचं. ते १६ बाइटपर्यंत फुगवून पाठवणारा कोड मी बऱ्याच ठिकाणी बघतो, आणि जीव तुटतो. काउंटर मोड वापरा, म्हणजे मेसेजच्या चढत्या नंबरावरून तयार केलेल्या बाइटांत रीडिंग मिसळा; दोनचे दोनच राहतात. त्यावर चार बाइटचा तपासणी कोड, म्हणजे मेसेज आपल्याच नोडचा आहे याची खूण. लोरावॅन, म्हणजे लोरावरच्या नेटवर्कचं मानकही हेच करतं. चार बाइट म्हणजे ४२९ कोटींहून जास्त शक्यता. एसएफ १२ च्या वेगानं अंदाज मारत बसणाऱ्याचं आयुष्य जाईल.

मग डिजिटल सही का नको? एलिप्टिक कर्व्ह या गणिती पद्धतीची नेहमीची सही ६४ बाइटची. एसएफ १२ वर लोरावॅनच्या एका पॅकेटात ५१ बाइटच बसतात. विषय संपला. एलिप्टिक कर्व्ह नोड बसवताना एकदाच, की (गुप्त किल्ली) ठरवण्यापुरतं वापरा. तिथं मात्र त्याला तोड नाही: २००४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या संशोधकांनी ८ मेगाहर्ट्झच्या ८-बिट चिपवर १६०-बिट कर्व्हचा गुणाकार ०.८१ सेकंदात केला होता. तितक्याच ताकदीच्या आरएसए-१०२४ या जुन्या पद्धतीला प्रायव्हेट कीचं काम करायला जवळपास ११ सेकंद लागले.

आता ताजेपणा. प्रत्येक मेसेजला पावती पुस्तकासारखा चढता नंबर द्यायचा; जुना नंबर आला की वॉल्व्हनं तो फेकून द्यायचा. गोची होते ती सेल बदलताना. नंबर रॅममध्ये असेल तर परत शून्यापासून सुरू होतो, आणि काउंटर मोडमध्ये तोच नंबर त्याच कीसोबत दुसऱ्यांदा वापरला, की एन्क्रिप्शनला अर्थ राहत नाही. म्हणून नंबर ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, ठेवा. पण तिची एक जागा १ लाख वेळा लिहिण्यापुरतीच. दर १५ मिनिटांनी लिहिलं तर वर्षाला ३५,०४०, म्हणजे तीन वर्षांच्या आत ती मर्यादा ओलांडली. त्यापेक्षा दर शंभराव्या मेसेजलाच लिहा, आणि चालू होताना शंभर नंबर पुढं उडी मारून तोच आकडा आधी लिहून टाका. मधले काही नंबर वाया जातात, जाऊ द्या.

आणि हो, सगळ्या नोडना एकच की देऊ नका. बांधावरचा एक बोर्ड कुणी उचलून नेला, तर सगळी बाग त्याच्या हातात जाते.

नवीन काही करणार असाल तर एन्क्रिप्शनची हलकी पद्धत म्हणून अॅस्कॉन बघा. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं २०२३ मध्ये अशाच छोट्या उपकरणांसाठी ते निवडलं आणि २०२५ मध्ये त्याचं मानक आलं. एन्क्रिप्शन आणि तपासणी कोड दोन्ही एकाच कामात होतात. पण तुमच्या चिपमध्ये एईएसचं हार्डवेअर आधीच असेल, तर तेच वापरा.