मॅक्रोच्या लूपमध्ये नको ते वगळताना

[पडद्यावर वर्डचं लांब डॉक्युमेंट. परिच्छेदांच्या खुणा चालू आहेत.]

300 परिच्छेदांचं डॉक्युमेंट. प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ 36 पॉइंट, म्हणजे अर्धा इंच, आत घ्यायची आहे. मॅक्रोला, म्हणजे वर्डला काम सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, तीन ओळींचा लूप पुरतो, म्हणजे तेच काम प्रत्येक परिच्छेदावर फिरून फिरून करणारा तुकडा. फॉर ईच, मग फर्स्टलाइनइंडेंट बरोबर 36, मग नेक्स्ट. चालवून बघा. परिच्छेद आत गेले, पण शीर्षकंही गेली आणि टेबलांतले आकडेही. सोडायचं काय, हे मॅक्रोला कुणी सांगितलंच नव्हतं.

पायथन किंवा सी या प्रोग्रामिंगच्या भाषा येणारा माणूस इथे ‘कंटिन्यू’ शोधतो, म्हणजे चालू फेरी सोडून पुढच्या फेरीला जायची आज्ञा. व्हिज्युअल बेसिक डॉट नेटमध्ये 2005च्या आवृत्तीपासून ‘कंटिन्यू फॉर’ आहे. वर्डचे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात त्या व्हीबीएत मात्र तो नाही. मग हाताशी असलेला ‘एक्झिट फॉर’ वापरला जातो, आणि तिथेच घोटाळा होतो. एक्झिट फॉर त्या एका परिच्छेदापुरता थांबत नाही, अख्खा लूप सोडून बाहेर पडतो. डॉक्युमेंटची सुरुवातच शीर्षकाने होत असेल तर मॅक्रो चालतो, संपतो, कुठलीही चूक दाखवत नाही आणि एकही परिच्छेद बदललेला नसतो.

[एडिटरची खिडकी. कर्सर नेक्स्टच्या वरच्या ओळीवर.]

सरळ मार्ग म्हणजे अट उलटी लिहायची. परिच्छेद शीर्षक नसेल तरच काम करायचं, सगळं काम इफ आणि एंड इफच्या मध्ये. एकदोन अटींपर्यंत हे उत्तम. अटी चार झाल्या की इफच्या पोटात इफ जातो आणि कुठला एंड इफ कुणाचा ते कळेनासं होतं. तेव्हा गोटू वापरावा, म्हणजे लेबल, अर्थात नाव दिलेल्या ओळीवर, थेट उडी मारायची आज्ञा. गोटूचं नाव वाईट आहे आणि बऱ्याच ठिकाणी ते रास्तही आहे, पण इथे तो स्वच्छ बसतो. लेबल एकच, नेक्स्टच्या अगदी वरच्या ओळीवर, शेवटी कोलन. उडी नेहमी खालच्या दिशेने. प्रत्येक नको असलेल्या गोष्टीची अट लूपच्या तोंडाशी वेगळ्या ओळीवर येते, आणि त्याखाली फक्त काम उरतं.

आता अटी. शीर्षक ओळखायला स्टाइलचं नाव तपासू नका, कारण वर्डची भाषा बदलली की ते नावही बदलतं. त्याऐवजी परिच्छेदाची पातळी सांगणारा आउटलाइनलेव्हल तपासा, तो आकडा असतो. 1 ते 9 म्हणजे शीर्षकं, 10 म्हणजे साधा मजकूर. तेव्हा 10पेक्षा कमी असेल तर वगळा.

रिकामा परिच्छेद जास्त फसवतो. त्याची लांबी शून्य येत नाही, 1 येते, कारण परिच्छेदाची खूण, म्हणजे 13 क्रमांकाचं अक्षर, मजकुरातच मोजलं जातं. टेबलातल्या रिकाम्या सेलची लांबी 2 भरते. तिथे 13नंतर 7 क्रमांकाचं अक्षरही असतं. शिवाय ट्रिम फक्त साधी स्पेस काढतो. टॅब, किंवा 160 क्रमांकाची न तुटणारी स्पेस तशीच राहते आणि डोळ्यांना रिकामा दिसणारा परिच्छेद मॅक्रोला भरलेला वाटतो. म्हणून आधी रिप्लेसने ही दोन्ही अक्षरं काढा, मग लांबी मोजा.

टेबलासाठी परिच्छेदाच्या रेंजच्या, म्हणजे त्याने व्यापलेल्या मजकुराच्या, इन्फर्मेशनला विचारायचं. डब्ल्यूडी-विदिन-टेबल खरं आलं की वगळायचं.

[दोन अटी असलेली एक ओळ ठळक होते.]

ही ओळ नीट बघा. परिच्छेदात टेबलांची संख्या शून्यापेक्षा जास्त, ‘अँड’, पहिल्या टेबलाच्या ओळी दोनपेक्षा जास्त. पहिली अट खोटी ठरली की दुसरी पाहिलीच जाणार नाही, असं वाटतं. व्हीबीए दोन्ही पाहतो. टेबल नसलेल्या परिच्छेदात पहिलं टेबल मागितलं जातं आणि चूक क्रमांक 5941 येते. उपाय साधा आहे. अँड काढा, दुसरी अट पहिल्याच्या पोटात घाला.

चूक लपवायला इथे ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ लिहिणं तर फारच घातक. अट तपासतानाच चूक झाली की गाडी पुढच्या ओळीवर जाते, आणि ती ओळ इफच्या आतली असते. तिथे वगळण्याचा गोटू असेल तर टेबल नसलेला प्रत्येक परिच्छेद वगळला जाईल. म्हणजे हवं होतं त्याच्या नेमकं उलट.

वगळण्याऐवजी काढून टाकायचं असेल तर लूपची दिशा बदलावी लागते. समजा, 7 आणि 8 क्रमांकाचे परिच्छेद दोन्ही रिकामे आहेत. 7 काढला की 8चा 7 होतो, पण मोजणी पुढे 8वर जाते आणि एक रिकामा तसाच राहतो. शेवटाकडे पुन्हा 5941, कारण लूपची वरची मर्यादा सुरुवातीला एकदाच ठरते आणि तेवढे परिच्छेद आता उरलेले नसतात. शेवटून सुरू करा, स्टेप उणे 1. क्रमांकाने परिच्छेद गाठायला मोठ्या फाइलीत वेळ लागतो, तो लागू द्या. दोन टेबलांच्या मधला रिकामा परिच्छेद मात्र ठेवा. तो गेला की टेबलं एकमेकांना चिकटतात.

फोल्डरमधल्या फाइली एकेक करून उघडणाऱ्या लूपमध्ये तर वर्ड थिजल्यासारखा वाटू शकतो. डू व्हाइलमध्ये पुढची फाइल ‘डिर’ आणतो. वगळण्याचं लेबल डिरच्या ओळीखाली पडलं तर त्याच फाइलीचं नाव पुन्हा तपासलं जातं, पुन्हा वगळलं जातं, आणि हे संपत नाही. कंट्रोल आणि ब्रेक दाबून थांबवा, लेबल डिरच्या वर न्या. वगळलेल्या फाइलीसाठीही ही एक ओळ चाललीच पाहिजे.

[खाली इमिजिएट खिडकी उघडते. आकडे उमटतात.]

शेवटी हिशोब. दोन मोजण्या ठेवा, एक काम झालेल्यांची, एक वगळलेल्यांची. प्रत्येक गोटूच्या आधी वगळण्याचं कारण डीबग प्रिंटने या इमिजिएट खिडकीत छापा. दोघांची बेरीज परिच्छेदांच्या एकूण संख्येइतकी यायला हवी. कमी आली तर लूप मध्येच तुटला आहे. बेरीज जुळली आणि तरी निकाल चुकीचा असेल, तर लूप ठीक आहे, अट चुकली आहे. कुठली, ते छापलेली कारणं वाचून कळतं. मग एफ8 दाबत त्या परिच्छेदापर्यंत एकेक ओळ चालवा.