लिस्टर मिलमधली घरं

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशरमध्ये ब्रॅडफर्ड हे गिरण्यांचं शहर आहे. तिथल्या टेकडीवर 249 फूट उंचीची चौकोनी दगडी चिमणी लांबूनच नजरेत भरते. ती मॅनिंगहॅम मिलची. गावकरी मात्र मालकाच्या नावानं तिला लिस्टर मिलच म्हणतात.

आधीची गिरणी 1871 मध्ये जळाली आणि सॅम्युअल लिस्टर यांनी दोन वर्षांत ही नवी उभारली. इथे रेशीम आणि मखमल विणली जायची. भरभराटीच्या काळात सुमारे 11,000 माणसं कामाला होती. 1911 साली पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाची मखमल इथलीच.

पण मला जास्त मोलाचा वाटतो तो इथला संप. 1890 मध्ये अमेरिकेनं परदेशी मालावर जबर जकात बसवली, मालकानं तेच कारण पुढे करून मजुरी कापली. डिसेंबरात सुमारे 5,000 कामगार बाहेर पडले, त्यांत बायका आणि मुलीच जास्त. एप्रिलमध्ये शहरात दंगल झाली, लष्कर आलं. एकोणीस आठवडे उपाशीपोटी झुंजून कामगार हरले. पण त्या पराभवाची धग विझली नाही. जानेवारी 1893 मध्ये इंडिपेंडंट लेबर पार्टी हा कामगारांचा पक्ष स्थापन झाला, तो याच ब्रॅडफर्डमध्ये.

गिरणी 1992 मध्ये बंद पडली. पुढे अर्बन स्प्लॅश या कंपनीनं तिथे घरं बांधायला घेतली. गिरणीच्या इमारतीत घरं शोभतात, त्यालाही कारण आहे. विणकराला धागा नीट दिसावा म्हणून खिडक्या प्रशस्त, यंत्रांसाठी छत उंच, त्यांचा भार पेलायला जमीन भक्कम. अडचण एकच, इमारत इतकी रुंद की मधल्या भागात उजेड पोचत नाही. मखमलीच्या गिरणीवर तर छतावरही नवी घरं चढवली. दगडी भिंती आणि चिमणी मात्र जागच्या जागी राहिल्या.

हे सांगताना परळ आठवणारच. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर आपल्या गिरण्या एकेक करून गेल्या. जमिनीला सोन्याचा भाव आला आणि बहुतेक ठिकाणी भिंतीही उरल्या नाहीत. फिनिक्स गिरणीची चिमणी आज मॉलच्या आवारात उभी आहे. आपल्याकडेही ब्रॅडफर्डसारखं करता आलं असतं, असं मला ठामपणे वाटतं. पण नुसत्या भिंती वाचवून भागत नाही. त्या खिडक्यांपाशी कोण उभं राहून राबलं, संपात कुणाची चूल विझली, हे तिथे राहायला येणाऱ्याला दारातच वाचायला मिळायला हवं.

तुमच्या घरात गिरणीत काम केलेलं कुणी असेल, तर त्यांच्याजवळ बसा. कोणतं खातं होतं, कोणती पाळी होती, जॉबर म्हणजे मुकादम कसा होता, हे विचारा आणि त्यांच्याच आवाजात मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा.

नमस्कार.