किल्ली कुणाकडं आहे?

(सोलापुरात एका वाचनालयाच्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवलाय.)

नमस्कार मंडळी. ओळख करून देताना मला आत्ता प्राणीमित्र म्हणाले, तेवढं आधी दुरुस्त करतो. प्राणीमित्र वेगळे, ते बिचारे स्वतःच्या खिशातनं बिस्किटाचे पुडे आणतात. मी पगारी माणूस. आधी बरीच वर्षं गुरांचा डॉक्टर आणि शेवटची सात वर्षं एका महापालिकेच्या प्राणी निवारा केंद्रात मुख्य पशुवैद्यक. कुठली महापालिका ते विचारू नका, सोलापूर नाही एवढं सांगतो. बघा, निम्म्या हॉलचा इंटरेस्ट गेला.

विषय पत्रिकेवर छापलाय, "निवारा केंद्रातील मुख्य पशुवैद्यकाची भूमिका". भूमिका म्हटलं की मला नाटकच आठवतं, आणि खरं सांगू का, त्या खुर्चीत बसून नाटकच जास्त करावं लागतं. मला तीन गोष्टी सांगायच्यात. आत कोण येतं, किती दिवस राहतं आणि बाहेर कसं जातं. आणि वेळ उरला तर नान्नजच्या अभयारण्यातल्या माळढोक पक्ष्याचं आणि भटक्या कुत्र्यांचं, कारण ते आपल्या घरचं प्रकरण आहे.

आमच्या वडिलांची फार इच्छा, पोरगं डॉक्टर व्हावं. सोलापुरात वाढलेल्या माणसाला डॉक्टर म्हटलं की डॉ. कोटणीस दिसतात, 1938 साली चीनला गेले, 1942 ला तिथंच वारले, आपल्याकडं स्मारक आहे. मी पण गेलो, पण परळपर्यंत. व्हेटर्नरी कॉलेजला. वडील गल्लीत सांगायचे, थोरला मुंबईत डॉक्टरकी शिकतोय. कुणी पुढं विचारलं, कसली, की त्यांना खोकला यायचा. सुट्टीत आलो की मित्र विचारायचे, काय करूलालास बे सध्या, आमच्या म्हशीला बघतोस का. बघायचो की. पंढरपुरी म्हैस, शिंगं पार खांद्याच्या मागं गेलेली, तिला इंजेक्शन द्यायचं म्हणजे आधी शिंगाचा हिशोब करून उभं राहायचं.

हे विषयांतर वाटेल पण नाही. कारण म्हशीच्या गोठ्यात मी जे शिकलो तेच पुढं निवारा केंद्रात कामाला आलं. गुरांचा डॉक्टर एका जनावराकडं बघत नाही, गोठ्याकडं बघतो. एक म्हैस खुरकुतानं लाळ गाळायला लागली की तो आधी बाकीच्या नऊ म्हशी कुठं बांधल्यात ते बघतो. लोकांना वाटतं निवारा केंद्र म्हणजे कुत्र्यांचा दवाखाना. अजिबात नाही. तो गोठा आहे. आणि गोठ्यात कुठलं जनावर कधी घ्यायचं हे ज्याच्या हातात नाही तो तिथला मुख्य डॉक्टर नाही, तो नुसता इंजेक्शन टोचणारा माणूस आहे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. दाराची किल्ली डॉक्टरकडं पाहिजे.

आता ही किल्लीची गोष्ट. आमच्या आयोजकांनी ती आधी ऐकलीय, त्यांनी चहाची व्यवस्था बघितली तरी चालेल.

जानेवारीचा महिना. जानेवारी का ते सांगतो. भाद्रपदात कुत्र्यांचं काय चालतं ते तुम्हाला माहितीये, मराठीत त्याच्यावर वाक्प्रचार आहे, तो इथं बायका-मुलांसमोर उच्चारत नाही. कुत्रीचे दिवस साधारण त्रेसष्ट. म्हणजे दिवाळीच्या पुढंमागं पिल्लं होतात आणि आपल्याकडं सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरतो, नंदीध्वजाची मिरवणूक निघते, तोवर ती पिल्लं दीड-दोन महिन्यांची होतात. बरोबर ह्याच वयात आईच्या दुधातनं आलेली प्रतिकारशक्ती ओसरायला लागते. आणि बरोबर ह्याच वयात पार्वो गाठतो. पार्वो म्हणजे पार्वोव्हायरस, पिल्लांना रक्ताची हगवण लागते, उलट्या होतात, दोन-तीन दिवसात पिल्लू चिंधीसारखं होऊन पडतं. तर संध्याकाळी सहाला मला फोन, एका साहेबांचा. साहेब कोण ते सोडा. त्यांच्या ओळखीच्या कुणाच्या तरी गेटवर तीन पिल्लं सापडलीत, घ्या. मी म्हटलं साहेब, वेगळं ठेवायच्या खोल्या दोनच आहेत आणि दोन्ही भरल्यात, चार दिवस त्यांच्याकडंच राहू द्या, मी येऊन लस देतो. साहेब म्हणाले बघतो. मी घरी गेलो.

आता किल्ली वॉचमनकडं. वॉचमन ठेकेदाराचा. ठेकेदार साहेबांचा. मी कुणाचाच नाही. सकाळी येऊन बघतो तर ती तीन पिल्लं बिस्किटाच्या खोक्यातनं थेट पिल्लांच्या वॉर्डात, आमच्या आधीच्या अकरा पिल्लांच्या मधोमध, एकाच परातीत दूध-भाकरी खाऊलालेत. इतकं गोड दृश्य की आमच्या क्लार्कनं फोटो काढून ठेवला होता.

चौथ्या दिवशी वास आला. पार्वोचा वास ज्यानं एकदा घेतला त्याला टेस्ट किट लागत नाही, गोडसर, सडल्यासारखा, रक्ताचा. किट केली तरी, कागदाला पुरावा लागतो. मग रात्रंदिवस सलाईन, रिंगर लॅक्टेट, पिल्लाची शीर ती केवढी, बाभळीच्या काट्याएवढी, थंडीत तिच्यात सुई घालायची म्हणजे माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. बल्ब लावून ऊब दिली. माझ्या बायकोनं घरातली जुनी चादर पाठवली, सोलापुरी चादर हो, तीस वर्षांची, फाटता फाटत नव्हती, ती तिथं संपली.

आणि आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण नुसतं साहेबांवर ढकलून जाणं बरं नाही. आमच्याकडं पोछा एकच होता. सहा वॉर्ड, एक पोछा, एक बादली फिनाईल. झाडूवाला सुरुवात कुठनं करायचा, तर जिथं घाण जास्त तिथनं, म्हणजे आजारी वॉर्डातनं, मग तोच पोछा फिरत फिरत निरोगी पिल्लांपर्यंत. हे मी सात महिने रोज बघत होतो आणि बघत नव्हतो. फिनाईलचा वास आला की आपल्या सगळ्यांना स्वच्छता झाली असं वाटतं, मलापण वाटायचं. पार्वोला फिनाईलचं काही वाटत नाही. तो जमिनीवर महिनोन् महिने तग धरतो. त्याला लागतं ब्लीच, घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, आणि तेही आधी घाण साबणानं धुऊन काढल्यावर, वर दहा मिनिटं ओलं राहिलं पाहिजे. घाणीवर ओतलं तर ब्लीच वाया. आणि क्रम उलटा, आधी निरोगी पिल्लं, मग मोठी कुत्री, सगळ्यात शेवटी आजारी. आणि प्रत्येक वॉर्डाचा पोछा वेगळा. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं हो! परीक्षेत लिहून मार्क घेतलेले.

चौदातली पाच जगली.

त्या आठवड्यात मी बाजारात गेलो आणि कुलूप आणलं. स्वतःच्या पैशानं, एकशे ऐंशी रुपये. जुनं काढलं, नवं लावलं, एक किल्ली माझ्या खिशात, दुसरी कंपाऊंडर बाईंकडं. झालं, तिसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस. "शासकीय मालमत्तेस विनापरवाना कुलूप लावल्याबाबत." मी उत्तर लिहिलं, कुलूप माझ्या मालकीचं आहे, मालमत्तेस धक्का लागलेला नाही, लागला आहे तो प्रवेशास. ह्या वाक्याचा मला अजून अभिमान आहे. ऑफिसात त्याची झेरॉक्स फिरली म्हणे. दोन महिने नोटीस-उत्तर, नोटीस-उत्तर, एक वेतनवाढ अडकली. पण त्या दोन महिन्यात दारातच लस टोचल्याशिवाय एक पिल्लू आत गेलं नाही. दारातच, बरं का. उद्या बघू, डॉक्टर आल्यावर बघू, असं नाही, कारण गोठ्यात शिरल्यावर दिलेली लस पावसात भिजून झाल्यावर उघडलेल्या छत्रीसारखी असते. ती किल्ली ही. (खिशातून काढून दाखवतात.) कुलूप राहिलं तिकडंच. मागच्या रांगेतले काका, दिसली का?

अध्यक्षांची चिठ्ठी आली. "दहा मिनिटे." दहा? मला वाटलं आत्ता सुरुवात झालीये. बरं. मग पळवतो.

दुसरी गोष्ट, दिवस. हिशोब चौथीचा आहे. समजा पिंजरे चाळीस. नसबंदीचं कुत्रं आणलं, ऑपरेशन झालं, टाका बरा होईपर्यंत ठेवलं, रेबीजची लस दिली, कानाला खाच पाडली, सोडलं, सरासरी पाच दिवस. म्हणजे रोज आठ कुत्री आत घेता येतात. तेच कुत्रं दहा दिवस राहिलं तर रोज चार. पिंजरे तेवढेच, पगार तेवढाच, काम निम्म्यावर. आणि दिवस वाढतात कशानं, तर आजारानं फार नाही, कागदानं. 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात की कुत्रं जिथनं उचललं तिथंच सोडायचं. आता व्हॅनवाल्यानं वहीत लिहिलंय "स्टेशनजवळ". स्टेशनजवळ म्हणजे कुठं बे? ते कुत्रं मग पिंजऱ्यातच बसून राहतं, व्हॅनला डिझेल नाही म्हणून अजून दोन राहतात, आणि मी शस्त्रक्रिया किती केल्या याचाच रिपोर्ट मागतात, कुत्री किती दिवस बसली याचा कुणी मागत नाही. मुख्य डॉक्टरनं सकाळी सर्जरीला हात लावायच्या आधी वही घेऊन पिंजऱ्यांपुढनं फेरी मारायची आणि प्रत्येक कुत्र्यापुढं एकच प्रश्न, तू अजून इथं का आहेस? कुणाला हे क्लार्कचं काम वाटेल. वाटू द्या.

याच हिशोबात सुप्रीम कोर्टाचं येतं. 11 ऑगस्ट 2025 ला दिल्लीतली सगळी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा म्हणाले, 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी ते बदललं, नसबंदी आणि लस झाली की परत सोडा, पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडून. मग 7 नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचला आणि परत तिथं सोडू नका. माझं मत विचाराल तर शाळेच्या पटांगणात कुत्र्यांची टोळी नको, मलाही नातू आहे. पण जे परत सोडायचं नाही त्याचे दिवस मोजायला पाच आणि दहा पुरत नाहीत, दहा-बारा वर्षं धरा. चाळीस पिंजरे एकदा भरले की दाराला किल्ली असली काय नसली काय. आणि तिकडं नसबंदी थांबली, लस थांबली. रेबीज तोडायचा तर सत्तर टक्के कुत्र्यांना लस लागते, माणसाला होणारा जवळजवळ सगळा रेबीज कुत्र्याकडनं येतो, आणि लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही. चावलं तर साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि दवाखान्यात जा, हळद-चुना लावत बसू नका, हे एवढं तरी घरी घेऊन जा. लोक म्हणतात मारून टाका की सरळ. 1832 साली मुंबईत कंपनी सरकारनं तेच केलं, पारशी लोकांनी दंगल केली, आणि मुंबईत कुत्री आजपण आहेत.

चिठ्ठी. "पाच." ही पण वाचली.

तिसरी गोष्ट, शेवट. ह्याच्यावर मला खरं तर अर्धा तास बोलायचं होतं. नियम असा की बरं न होणारं किंवा जीवघेणं जखमी कुत्रं, तेही समितीनं नेमलेल्या टीमनं ठरवल्यावर, पात्र डॉक्टरनंच, शिरेतनं सोडियम पेंटोबार्बिटल देऊन शांत करायचं. आणि दुसऱ्या कुत्र्यासमोर नाही. ही शेवटची ओळ नियमात ज्यानं कुणी घातली त्याला माझा नमस्कार. गर्दी झाली म्हणून हे इंजेक्शन द्यायचं नसतं, आणि तरी गर्दी झाली की त्या टेबलाकडं नजर वळते, माझीपण वळली होती एकदा, जानेवारीतच, त्या चौदांपैकी सातव्या पिल्लाच्या वेळेला, दुःख बघवत नव्हतं की मला झोप हवी होती ते मला आजपण सांगता येत नाही. म्हणून टीम लागते. म्हणून एकट्या मुख्य डॉक्टरच्या सहीवर ते नको. दाराची किल्ली त्याच्याकडं द्या, ह्या खोलीची एकट्याकडं देऊ नका. बस.

माळढोकाचं राहिलंच. मोकाट कुत्री माळढोकाची अंडी खातात, पिल्लं खातात, तिथं माझा सगळा हिशोब उलटा फिरतो, आणि त्यावर मी इथं उभ्या उभ्या बोललो तर अध्यक्ष मला खाली ओढतील. चहाला बोलू.

आणि एक सूचना आलीय, बाहेर पांढऱ्या व्हॅगनआरखाली तांबडं कुत्रं झोपलंय, कानाला खाच आहे, म्हणजे आमच्यापैकी कुणाच्या तरी हाताखालनं गेलेलं आहे, गाडी काढताना आधी वाकून बघा.