बडोद्याचे अरविंदबाबू

(दृश्य: दांडिया बाजार, सकाळची वर्दळ. मग श्री अरविंद निवासाची जुनी इमारत.)

श्री अरविंद म्हटलं की आपल्याला आठवतं कोलकाता, नाहीतर पाँडिचेरी. बडोदा क्वचितच कुणाच्या तोंडी येतं. पण १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षं ते या शहरात राहिले. आणि त्यांच्या राजकारणाची आणि योगसाधनेची सुरुवात झाली, तेव्हा आजूबाजूला होती ती मुख्यतः मराठी माणसं.

सातव्या वर्षी वडिलांनी इंग्लंडला पाठवलेला हा मुलगा परतला तो विशीत. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच यायचं. बंगाली मात्र धड येत नव्हतं. ब्रिटिश सरकारच्या आयसीएस या मुलकी सेवेची लेखी परीक्षा पास झाला, पण घोडेस्वारीच्या चाचणीला गेलाच नाही. बडोद्याचे सयाजीराव महाराज तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनी महिना दोनशे रुपयांवर त्याला संस्थानच्या नोकरीत घेतलं.

आधी जमाबंदी, महसूल अशी खाती, मग बडोदा कॉलेज. आज विद्यापीठाच्या कला शाखेची जी घुमटाची इमारत आहे, तेच हे कॉलेज. इथे ते आधी फ्रेंच शिकवायचे, नंतर इंग्रजी.

केंब्रिजचे मित्र केशवराव देशपांडे तेव्हा मुंबईत ‘इंदुप्रकाश’ या वृत्तपत्राची इंग्रजी बाजू सांभाळत होते. त्यांच्या आग्रहावरून अरविंदांनी काँग्रेसवर लेखमाला लिहिली. वय एकवीस! अर्ज-विनंत्यांच्या राजकारणावर त्यांनी इतके कोरडे ओढले, की न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या मालकांना सबुरीचा सल्ला दिला. धार बोथट करून लिहिण्यात अरविंदांना रस नव्हता. लेखमाला आटोपली.

(दृश्य: निवासाचा जिना, वरची खोली.)

हे घर संस्थानचे अधिकारी आणि अरविंदांचे मित्र खासेराव जाधव यांचं. अरविंद इथे बराच काळ राहिले. त्यांच्यासोबत राहणाऱ्या पाटकर नावाच्या विद्यार्थ्याने एक आठवण लिहून ठेवली आहे. तीन महिन्यांचा पगार एकदम हातात आला की अरविंद पैशांची थैली टेबलावरच्या तबकात ओतायचे. कुलूप नाही, हिशेबाची वही नाही. लागतील तसे उचलायचे. पाटकरांनी विचारलं, असं कसं? तर म्हणाले, आपण प्रामाणिक माणसांत राहतो याचाच हा पुरावा. आणि हिशेब? तो देव ठेवतो. रात्री डास फोडून काढत असले तरी दिव्यापाशी एकेक वाजेपर्यंत वाचन चाललेलं असायचं.

खासेरावांचे भाऊ माधवराव संस्थानच्या फौजेत लेफ्टनंट होते. त्यांच्या मदतीने जतीन बॅनर्जी हा बंगाली तरुण फौजेत शिरला, आणि पुढे अरविंदांनी त्यालाच क्रांतिकार्यासाठी बंगालात धाडलं. म्हणजे बंगालच्या क्रांतीचा एक धागा थेट बडोद्याच्या लष्करापर्यंत येतो. १९०२ च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये लोकमान्य टिळक अरविंदांना मंडपाबाहेर घेऊन गेले आणि तासभर बोलत राहिले. ती गाठ कायमची पडली.

१९०६ मध्ये इथला भरघोस पगार सोडून ते कोलकात्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयात दीडशे रुपयांवर गेले. ‘वंदे मातरम्’ पत्रातून त्यांनी संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी उघडपणे मांडली. पण बडोद्याला त्यांना परत यायचंच होतं.

(दृश्य: सरदार मजुमदारांच्या वाड्याचं छायाचित्र.)

डिसेंबर १९०७. सुरतेचं काँग्रेस अधिवेशन जहाल-मवाळांच्या भांडणात उधळलं होतं. तिथून ते थेट इथे आले. ग्वाल्हेरहून विष्णू भास्कर लेले नावाचे योगी आले होते. खासेरावांच्या घरी भेट झाली, आणि मग दोघं सरदार मजुमदारांच्या वाड्यात सर्वांत वरच्या खोलीत तीन दिवस बसले. बाहेर लोक या पुढाऱ्याची वाट पाहत होते. लेल्यांनी सांगितलं ते इतकंच: विचार करू नका, नुसतं बघा. विचार बाहेरून येतात. आत शिरायच्या आधीच परतवा. अरविंदांनी तसं केलं, आणि तीन दिवसांत मन पार निःशब्द झालं. हे त्यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितलं आहे.

लगेच मुंबईत भाषण होतं, आणि डोक्यात तर एकही विचार नाही. लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, शब्द येतील. तसंच झालं. त्यानंतरची आपली सगळी भाषणं आणि लिखाण याच शांततेतून आल्याचं ते सांगत.

मे १९०८ मध्ये बॉम्ब खटल्यात अटक, वर्षभर अलिपूरचा तुरुंग, निर्दोष सुटका, १९१० मध्ये पाँडिचेरी. ५ डिसेंबर १९५० ला तिथेच देह ठेवला. या सगळ्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे.

बडोद्याच्या मराठी मंडळींवर मात्र फार थोडं. म्हणून रावपुरा, दांडिया बाजार, शियापुऱ्यातल्या जुन्या घरांना आमची कळकळीची विनंती आहे. पणजोबांच्या ट्रंकेत त्या काळातली पत्रं, रोजनिशी, कॉलेजच्या वह्या असतील, तर रद्दीत घालू नका. मोडी वाचता येत नसेल, तर वाचणारे अजून आहेत, त्यांना दाखवा. खासेराव, माधवराव, केशवराव, लेले यांच्याविषयीची एखादी ओळ त्यात मिळाली, तरी आम्हाला ती हवी आहे.